विद्यापीठाच्या उंबरठ्यावरील शब्द

परकी विद्या संपादन करावयाची तर प्रथम तिचे शब्द कंठगत केले पाहिजेत, ही समजूत आपल्या देशात इंग्रजांबरोबर आलेली नाही. पाठशाळेत संस्कृताच्या अध्ययनाला आरंभ करणाऱ्या विद्यार्थ्याकडून अमरकोश मुखोद्गत करून घेण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. त्या कोशाची रचना पाहिली तर असे दिसते की, स्वर्ग, दिशा, काल, भूमी, शैल, वनौषधी, मनुष्य अशा वर्गांत विश्वातील वस्तुजात विभागावे आणि त्या त्या वस्तूची जितकी म्हणून नावे असतील तितकी एकत्र गुंफावी, हा अमरसिंहाचा संकल्प होता. कोणते नाव ग्रंथांत वारंवार येते आणि कोणते क्वचित, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश सिद्ध झाला, त्याचे प्रयोजन निराळे होते. दफ्तरांतून आणि दरबारातून रुळलेल्या फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसविणे हे ते प्रयोजन. म्हणजे तेथे शब्दांची निवड राज्याच्या गरजेने झाली. शास्त्राच्या पूर्णतेसाठी एक कोश आणि राज्याच्या व्यवहारासाठी दुसरा, अशी ही दोन उदाहरणे आपल्या घरचीच आहेत. परंतु शिकणाऱ्याला आधी कोणते शब्द लागतील, कोणत्या शब्दापाशी तो अडखळेल, हे त्याच्याच बाजूने पाहून शब्दांची यादी करावी, ही कल्पना विसाव्या शतकात आकाराला आली. आणि विद्यापीठांत इंग्रजीतून शिकणाऱ्या परभाषिक विद्यार्थ्यांच्या हालअपेष्टांशी तिचा इतिहास निगडित असल्यामुळे तो मराठी वाचकाने जाणून घ्यावा अशा योग्यतेचा आहे.

आपल्याकडची आरंभीची परिस्थिती थोडक्यात सांगतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्याच तुकडीतले. अशा विद्यार्थ्यांच्या हाताशी मोल्सवर्थ आणि कँडी यांचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश होता, आणि त्या कोशाचे उपकार आजही मान्य केले पाहिजेत. परंतु कोश कितीही उत्तम असला तरी त्याच्या दरबारात सर्व शब्द एकाच पंक्तीत बसतात, आणि ज्याला एका रात्रीत तर्कशास्त्राची वीस पृष्ठे समजून घ्यावयाची आहेत त्याला त्यांतला कोणता शब्द जन्मभर उपयोगी पडणार आणि कोणता पुन्हा कधी भेटणारही नाही, हे सांगण्याची त्यात सोय नसते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्यात प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार सुरू झाला. या इलाख्याच्या शिक्षणखात्यात अधिकारी असलेले पी. सी. रेन, ज्यांचे नाव ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणामुळे घरोघरी पोचले, त्यांनी १९११ साली हिंदुस्थानी शाळांतील इंग्रजीच्या प्रत्यक्ष शिक्षणावर ग्रंथ लिहिला. वर्गातील वस्तू दाखवून आणि कृती करून शब्द शिकवावा, मध्ये मातृभाषा आणू नये, हे त्या पद्धतीचे सार होय. मेज, खडू, दार, खिडकी यांच्यापुरती ही रीत उत्तम चालते. ‘गृहीत धरणे’, ‘अनुमान काढणे’, ‘व्याख्या करणे’ यांचे वाचक असलेले इंग्रजी शब्द मात्र बोटाने दाखविता येत नाहीत, आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याची गाठ नेमकी त्यांच्याशीच पडते.

शब्दांची मोजदाद करून त्यांचा अनुक्रम लावण्याचे काम प्रथम शिक्षकांनी केले नाही. जर्मनीत एफ. डब्ल्यू. केडिंग यांनी लघुलेखनाच्या सोयीसाठी सुमारे १ कोटी १० लक्ष जर्मन शब्दांची गणती करविली आणि १८९८ साली तिचा कोश प्रसिद्ध केला. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ साली दहा हजार इंग्रजी शब्दांची वारंवारतेनुसार सिद्ध केलेली यादी शिक्षकांच्या हाती दिली; पण तिचा मुख्य रोख इंग्रजी ज्यांची घरची भाषा आहे अशा अमेरिकन मुलांच्या वाचनाकडे होता. ही गणती परभाषिक विद्यार्थ्याच्या सेवेला लावणारा मनुष्य मात्र त्या वेळच्या आपल्याच देशात, पूर्व बंगालमध्ये, काम करीत होता.

मायकेल वेस्ट हे १९१२ साली इंडियन एज्युकेशनल सर्व्हिसमध्ये रुजू झाले आणि पुढे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. बंगाली मुलाच्या इंग्रजीविषयी त्यांनी जे विवेचन १९२६ साली ‘बायलिंग्वलिझम’ या ग्रंथात केले ते आजही वाचताना त्यातील कळकळ जाणवते. त्यांचे म्हणणे असे होते की, ज्या भाषेत आधुनिक ज्ञानाचे ग्रंथ अद्याप पुरेसे झालेले नाहीत त्या भाषेच्या मुलाला दुसरी भाषा लागते ती मुख्यतः वाचण्यासाठी. संभाषण त्याला क्वचित करावे लागते, परंतु वैद्यक, शेती, यंत्रविद्या यांचे पुस्तक उघडून ते आपले आपण वाचता येणे ही त्याची पहिली निकड असते. शिवाय शाळेत आलेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकत नाहीत, ही गोष्ट त्यांनी डोळ्याआड केली नाही. विम्याचे हप्ते मध्येच थांबविणाऱ्याला जी काही रक्कम परत मिळते तिची उपमा योजून त्यांनी विचारले की, दोन किंवा तीन वर्षे इंग्रजी शिकून शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरी नेमके काय पडते? त्या काळची उत्तरे निराशाजनक होती. इंग्रजी क्रमिक पुस्तकांत नवीन शब्दांची इतकी दाटी असे की मुलगा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाण्यापूर्वीच थकून जाई, आणि त्या नव्या शब्दांतही ‘प्लाइट’, ‘आइल’, ‘नॉट’ (nought) असे जुन्या काव्यातून उचललेले, चालू गद्यात विरळ आढळणारे शब्द भरलेले असत.

वेस्ट यांनी दोन उपाय केले. असे जुनाट शब्द काढून त्यांच्या जागी प्रचारातले शब्द घातले, आणि नवीन शब्द पाठात विरळ पेरून, एकदा आलेला शब्द पुढच्या मजकुरात पुन्हा पुन्हा भेटेल अशी योजना केली. त्यांच्या ‘न्यू मेथड रीडर्स’ या पुस्तकमालेचा पाया हाच. साहित्याच्या रसिकाला या कृतीत भाषेची काटछाट दिसेल, आणि तशी टीका पुष्कळांनी केलीही. परंतु माझ्या मते वेस्ट यांचा मोठेपणा यातच आहे की, त्यांनी इंग्रजी भाषेचा मान राखण्यापेक्षा ढाक्याच्या मुलाचा वेळ राखणे अधिक महत्त्वाचे मानले. १९३५ साली त्यांनी आणि एन्डिकॉट यांनी विद्यार्थ्यांसाठी जो इंग्रजी कोश केला त्यात सर्व अर्थ अवघ्या १,४९० शब्दांच्या मर्यादेत सांगितलेले होते. शब्दाचा अर्थ पाहावयाला जावे आणि अर्थातल्या शब्दांसाठी पुन्हा कोश उघडावा लागावा, ही परभाषिक विद्यार्थ्याची जुनी विटंबना त्या कोशाने थांबविली.

याच सुमारास टोकियोत हॅरोल्ड पामर हे जपानी विद्यार्थ्यांसाठी तसलेच काम करीत होते, आणि केंब्रिजचे सी. के. ऑग्डन यांनी १९३० साली ८५० शब्दांत सर्व व्यवहार चालवू पाहणारे ‘बेसिक इंग्लिश’ पुढे मांडले होते. वेस्ट यांना ते मान्य नव्हते आणि त्यांनी त्याच्यावर सविस्तर टीका लिहिली. १९३४ साली कार्नेगी निधीच्या आश्रयाने न्यूयॉर्कला वेस्ट, पामर, थॉर्नडाइक प्रभृती विद्वान एकत्र जमले, १९३६ साली त्यांचा अंतरिम अहवाल निघाला, मध्ये महायुद्ध आले, आणि अखेर १९५३ साली वेस्ट यांच्या संपादनाखाली ‘अ जनरल सर्व्हिस लिस्ट ऑफ इंग्लिश वर्ड्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे दोन हजार मूळ शब्द आहेत, आणि एकेका शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांपैकी कोणता अर्थ शेकडा किती वेळा येतो याचाही तपशील आहे. ढाक्यात ज्या कामाची प्रेरणा मिळाली त्याचे फळ हाती यायला जवळजवळ पाव शतक लागले.

परंतु या दोन हजार शब्दांनी विद्यापीठाचे दार उघडत नाही. सामान्य इंग्रजी मजकुराचा फार मोठा भाग ते व्यापतात, तरी शास्त्रीय ग्रंथाचे पान उघडले की तीन थर स्पष्ट दिसतात. खालचा थर या नित्य शब्दांचा. वरचा थर पारिभाषिक संज्ञांचा, ज्यांची व्याख्या ग्रंथकार स्वतः देतो आणि प्राध्यापक फळ्यावर लिहून देतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा थर आहे. त्यातले शब्द कोणत्याही एका शास्त्राचे नाहीत, अर्थशास्त्रातही येतात आणि प्राणिशास्त्रातही. ग्रंथकार त्यांची व्याख्या देत नाही, कारण ते वाचकाला येतातच असे तो धरून चालतो. प्राध्यापक त्यांच्याजवळ थांबत नाहीत, कारण ते त्यांच्या विषयाचे नाहीत. आणि शाळेतील इंग्रजीच्या तासाला ते भेटलेले नसतात, कारण गोष्टीत आणि कवितेत ते फारसे येत नाहीत. ‘अझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘कन्सिस्ट’, ‘इंडिकेट’, ‘सिग्निफिकंट’, ‘व्हेरी’ (vary) हे त्यांचे नमुने. विद्यार्थी ‘ऑक्सिडेशन’पाशी अडत नाही, ज्या वाक्यात ऑक्सिडेशन आहे त्या वाक्याच्या क्रियापदापाशी तो अडतो.

ही गोष्ट केवळ अनुमानाने नव्हे तर पुराव्याने सिद्ध झाली, आणि तो पुरावा ज्या रीतीने जमविला गेला ती या सर्व इतिहासातील मला सर्वांत हृद्य वाटणारी हकीकत आहे. सिंगापुरात आग्नेय आशियातील चिनी समाजाने वर्गणी जमवून, चिनी भाषेतून उच्च शिक्षण देण्यासाठी नानयांग विद्यापीठ उभे केले होते, आणि १९५६ साली तेथे अध्यापन सुरू झाले. चिनी शाळांतून आलेल्या तेथील मुलांना पाठ्यपुस्तके मात्र पुष्कळदा इंग्रजीतली वाचावी लागत. तेथे इंग्रजी शिकविणारे आर. डब्ल्यू. लिन यांनी शब्दांची मोजणी करण्याऐवजी विद्यार्थ्यांची वापरलेली पुस्तके मागवून घेतली. अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा चिनी अर्थ लिहून ठेवण्याची त्या मुलांची सवय होती. लिन यांनी पन्नासाहून अधिक पुस्तकांतल्या अशा नोंदी उतरवून घेतल्या, कोणत्या शब्दावर किती जणांनी अर्थ लिहिला आहे याचा हिशेब केला, आणि १९७३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढे इराणात घादेसी यांनीही, विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांवरील अशाच नोंदींवरून, १९७९ साली एक यादी केली. लिन यांना असे आढळले की, सर्वाधिक नोंदी पारिभाषिक संज्ञांवर नव्हत्या. त्या मधल्या थरातील सामान्य शब्दांवर होत्या.

या रीतीचे महत्त्व मी पुन्हा सांगतो, कारण ते सहज निसटून जाते. परीक्षेत विद्यार्थ्याला काय येत नाही हे परीक्षक ठरवितो. येथे ते विद्यार्थ्याने स्वतः, कोणी विचारलेले नसताना, रात्री दिव्याखाली बसून, आपल्या हस्ताक्षरात लिहून ठेवलेले होते. त्या नोंदी तोवर पुस्तक खराब केल्याचा दोष मानल्या जात. लिन यांनी त्यांना दफ्तरातील अस्सल कागदाचा दर्जा दिला.

दुसऱ्या बाजूने ग्रंथांची प्रत्यक्ष मोजणी करून याद्या करण्याचे प्रयत्नही त्याच दशकात झाले. न्यूझीलंडमध्ये शिक्षणासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांकरिता कँपियन आणि एली यांनी १९७१ साली एक यादी केली. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात जीन प्रानिन्स्कस यांनी पहिल्या वर्षाची दहा पाठ्यपुस्तके तपासून १९७२ साली दुसरी प्रसिद्ध केली. ढाका, टोकियो, बैरूत, सिंगापूर, इराण ही नावे वाचकाने क्षणभर एकत्र पाहावीत. विद्यापीठीय इंग्रजीच्या शब्दांचा शोध लंडनच्या किंवा ऑक्सफर्डच्या विद्वत्सभांतून निघाला नाही. ज्या ठिकाणी घरी एक भाषा आणि ग्रंथात दुसरी अशी विद्यार्थ्याची ओढाताण होत होती तेथल्या वर्गखोल्यांतून तो निघाला.

१९८४ साली चीनमधून आलेल्या श्वे ग्वोयी आणि न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी या चारही याद्या एकत्र करून ८३६ शब्दांची ‘युनिव्हर्सिटी वर्ड लिस्ट’ तयार केली. निरनिराळ्या निकषांनी केलेल्या याद्यांचे हे एकत्रीकरण असल्यामुळे त्यांतील उणिवाही तिच्यात उतरल्या होत्या. म्हणून वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात एव्हरिल कॉक्सहेड यांनी ते काम नव्याने हाती घेतले. कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखा, प्रत्येकीत सात विषय, एकूण ४१४ लेख आणि ग्रंथ, सुमारे ३५ लक्ष शब्द, असा त्यांच्या मोजणीचा पसारा होता. वेस्ट यांच्या दोन हजार शब्दांबाहेरचा शब्द घ्यावयाचा. त्याचे कुटुंब, म्हणजे त्याची सर्व साधित रूपे मिळून, निदान शंभर वेळा आलेले असावे. चारही शाखांत दहा-दहा वेळा तरी आढळावे. आणि अठ्ठावीसपैकी निम्म्याहून अधिक विषयांत त्याचा संचार असावा, अशी कसोटी त्यांनी ठरविली. त्या कसोटीला ५७० शब्दकुटुंबे उतरली. २००० साली ही ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ प्रसिद्ध झाली. वारंवारतेच्या क्रमाने तिचे दहा भाग केलेले आहेत, पहिले नऊ साठ-साठ शब्दांचे आणि शेवटचा तीस शब्दांचा. विद्यापीठीय मजकुराचा सुमारे दहावा हिस्सा हे ५७० शब्द व्यापतात, आणि कथा-कादंबऱ्यांत त्यांचे प्रमाण शेकडा दीडहूनही कमी भरते. केवळ कादंबऱ्या वाचून विद्यापीठाचे इंग्रजी आपोआप येईल, ही आपल्याकडची जुनी समजूत किती अपुरी आहे हे या दोन आकड्यांवरून ध्यानी यावे. वाचनाची गोडी लावण्यास कादंबरी अवश्य वाचावी. परंतु प्रबंधाची भाषा प्रबंधातच भेटते.

या यादीतील बहुतेक शब्द लॅटिन आणि ग्रीक मूळचे आहेत. मराठी वाचकाला या गोष्टीचे नवल वाटू नये, कारण आपल्या घरच्या बोलीत आणि शास्त्रीय गद्यात तद्भव आणि तत्सम शब्दांचे असेच अंतर आहे, आणि खेड्यातून आलेल्या मुलाला ‘गृहीतक’, ‘निष्कर्ष’, ‘परिमाण’ हे मराठी शब्दही पहिल्यांदा परकेच वाटतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही श्रमिकांच्या मुलांना हा ग्रंथांतला शब्दवर्ग एखाद्या अडसरासारखा आडवा येतो, असे प्रतिपादन डेव्हिड कॉर्सन यांनी ‘द लेक्सिकल बार’ या १९८५ सालच्या ग्रंथात केले. तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याने या अडचणीबद्दल मनात न्यूनगंड बाळगण्याचे काही कारण नाही. ज्याच्या घरी ग्रंथांची भाषा बोलली जात नाही अशा प्रत्येकाची, मग तो कोणत्याही देशाचा असो, ती अडचण आहे.

कॉक्सहेड यांच्या यादीवरही आक्षेप आले आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. केन हायलंड आणि पॉली त्से यांनी २००७ साली दाखविले की, एकच शब्द निरनिराळ्या शास्त्रांत निरनिराळ्या अर्थांनी आणि निरनिराळ्या सोबत्यांसह वावरतो. ‘व्हॉल्यूम’ एका शाखेत ग्रंथाचा खंड असतो आणि दुसरीत घनफळ. शब्दाला एक अर्थ जोडून तो घोकणाऱ्याची त्यामुळे फसगत होते. नंतर डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी सुमारे बारा कोटी शब्दांच्या विद्यापीठीय संग्रहावरून नवी यादीही केली. संग्रह वाढत गेला, यंत्रे मदतीला आली. पण मोठ्या मोजणीमुळे शिकणाऱ्याचे दुःख अधिक कळते असे मला वाटत नाही, आणि या बाबतीत लिन यांच्या पन्नास-साठ पुस्तकांचे मोल मला बारा कोटी शब्दांहून तसूभरही कमी वाटत नाही.

महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर शाळेतील इंग्रजीचा आरंभ वरच्या इयत्तांकडे ढकलला गेला, आणि २००० साली, म्हणजे कॉक्सहेड यांची यादी निघाली त्याच वर्षी, तो पहिल्या इयत्तेवर आणण्यात आला. या उलटसुलट निर्णयांवर वाद पुष्कळ झाले, परंतु ते बहुधा इंग्रजी केव्हा सुरू करावे याविषयी झाले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी मुलाला नेमके कोणते शब्द लागतात, याचा विचार त्या वादांत मागेच राहिला. त्यासाठी मोठ्या निधीची किंवा सरकारी फर्मानाची गरज नाही. परभणी, जळगाव, रत्नागिरी, गडचिरोली येथल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत भौतिकशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांच्या प्रती आहेत, आणि त्यांतल्या ओळींच्या डोक्यावर मराठी मुलांनी पेन्सिलीने लिहिलेले मराठी अर्थ आहेत. इंग्रजीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, वर्षअखेरीस त्या प्रती रद्दीत जाण्यापूर्वी एकदा मागवून घ्याव्यात, त्या नोंदी विद्यार्थ्यांच्याच मदतीने वहीत उतरवून घ्याव्यात, विषयवार त्यांची गणती करावी, आणि मराठी विद्यार्थ्याची स्वतःची अशी यादी, प्रत्येक शब्दाच्या प्रत्यक्ष ग्रंथांतल्या दोन-तीन वाक्यांसह, प्रसिद्ध करावी.